मोहाच्या दिवसांतली धाव

काल पहाटे खिडकी उघडली आणि मोहाचा वास घरात आला. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना तो समजावून सांगणं अवघड आहे. तो फुलाचा वास वाटतच नाही. गुळाचा पाक कढईच्या कडेला जरासा लागावा तसा काहीसा. त्यात ओलं पोतं, त्यात थोडा आंबूसपणा. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला त्यानं मळमळतं. मला मात्र आता त्या वासाशिवाय फाल्गुन आल्यासारखा वाटत नाही.

खिडकीतून तलावाची पाळ दिसते. पाळीवर कुणी नव्हतं. पलीकडच्या मोहांखाली बायका वाकलेल्या होत्या आणि मधूनमधून त्यांच्या हाका येत होत्या. मी चहा ठेवायचं विसरून तिथेच उभी राहिले. मी चहाची वेळ चुकवत नाही, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे.

रेवा, मागच्या रविवारी फोनवर तू सांगितलंस की शाळेच्या धावण्याच्या संघात तुझी निवड झाली. थंडीत कान लाल होईपर्यंत तुम्ही मैदानाभोवती फेऱ्या मारता म्हणे. मग तू विचारलंस, "आजी, तुझ्या गावात कुणी धावतं का?" मी तोंड उघडलं तेवढ्यात नीलनं फोन ओढून घेतला आणि त्याच्या पडलेल्या दाताची गोष्ट सुरू केली. दात महत्त्वाचा होताच. पण अर्धं राहिलेलं उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण हे सगळं मराठीत घडलं. अडलं तर बाबांना विचारा. त्यांना अडलं तर ते कबूल करतीलच असं नाही, म्हणून मग मला विचारा.

तर उत्तर असं, की आमच्याकडे माणसं धावत नाहीत.

मूल गावाहून सिंदेवाहीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल लागतं. त्याच्या काठावर आमचं गाव. इथे लेकरू चालायला लागलं की त्याला शिकवतात, रानात पळायचं नाही. पळतं ते भक्ष्य, अशी जनावराची समजूत आहे आणि ती बदलणं आपल्या हातात नाही. वाघ हा शब्द इथे फारसं कुणी तोंडातून काढत नाही. जनावर म्हटलं की सगळ्यांना कळतं. आणखी शिकवतात ते असं, की रानात एकट्यानं जायचं नाही, आणि मागच्याला सोडून पुढे तर मुळीच जायचं नाही.

मोह रात्रभर टपटपत गळतो. उजाडायच्या सुमाराला तो वेचावा लागतो, नाहीतर हरणं, अस्वलं, गुरं आधी पोचतात. म्हणजे ज्या वेळी माणसानं घरात असावं, नेमक्या त्या वेळी आमच्या बायका जमिनीकडे बघत, वाकून, रानात असतात. म्हणून त्या टोळीनं जातात. प्रत्येकीचं झाड ठरलेलं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली. त्या काळ्या जमिनीवर फुलं भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पडलेली असतात. वेचता वेचता एकीनं "कूऽऽ" अशी हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून "ओऽऽ" म्हणायचं. प्रत्येकीचा ओ वेगळा. कुणाचा आला नाही तर हातातली टोपली तिथेच टाकून सगळ्यांनी मागे वळायचं, एकत्र व्हायचं, आणि आरडाओरडा करत त्या झाडाकडे जायचं. यात मतभेदाला जागा नाही. परतताना गावच्या शिवेवर एकजण थांबते, डोकी मोजते आणि म्हणते, "सगळ्या आल्या." त्यानंतरच कुणी घाईनं घरी जायचं.

अशा गावात पल्लवी धावायला लागली.

पल्लवी आमच्या मागच्या आळीतली. तिचं घर ढिवरांचं, तलावावर मासेमारी करणारं. वडील जाळं टाकतात, आई गिरजा रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धानात, मोहाच्या दिवसांत रानात. पल्लवीला मी आठवीपर्यंत इंग्रजी शिकवलं. मुलगी उंच, पायांनी लांब, बोलायला कमी. तिच्या मनात सैन्यात जायचं कुठून आलं ते मला माहीत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "बाई, इथून बाहेर पडाले दोनच रस्ते दिसते. एक लगनाचा." दुसरा तिनं सांगितला नाही. तो दिसतच होता.

सैन्यात मुलींच्या भरतीला सोळाशे मीटर धावावं लागतं, ठरलेल्या वेळेच्या आत. तिची लेखी परीक्षा झाली होती. उंची, वजन, उडी, सगळं व्यवस्थित होतं. अडलं ते धावण्यावर. आधीच्या वर्षी ती नागपूरच्या मैदानावर धावली आणि थोडक्यात राहिली. श्वास लागला नव्हता, पाय दुखले नव्हते, तरी राहिली. आणि आता वयाच्या अटीत बसणारी एकच संधी उरली होती. ती गेली की दार बंद. गिरजाकडे एका स्थळाचा निरोप येऊन पडलेला होता आणि तिनं त्याला 'मोहानंतर सांगतो' असं कळवलं होतं.

त्या वर्षीच्या मोहाच्या हंगामात मी तिची वेळ मोजायला लागले. कारण साधं होतं. शेजारच्या गावचे निवृत्त हवालदार पल्लवीला शिकवायला येत, आणि त्यांचं म्हणणं पडलं की वेळ मोजणारं माणूस लाड करणारं नसावं. गावानं एकमतानं माझं नाव सुचवलं. मी हे कौतुक म्हणून घेतलं.

पाळ मोजायला मी तुमच्या आजोबांची लोखंडी साखळी काढली. आलापल्लीला जंगलखात्यात असताना ते सागवानाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले पट्टे, मोजायला ती वापरत. कड्यांना गंज धरला होता, पण साखळी लांबीला खोटी झाली नव्हती. मी आणि हवालदार भाऊंनी ती पाळीवर अंथरली आणि जिथे जिथे अंतर पुरं होईल तिथे चुन्याच्या खुणा केल्या. तुमचे आजोबा असते तर त्यांनी माझ्या खुणा पुन्हा एकदा तपासल्या असत्या, हे त्या वेळी माझ्या मनात आलं, आणि वाकलेली मी थोडा वेळ तशीच वाकलेली राहिले.

हवालदार भाऊंची पद्धत मला आवडली, कारण तिला क्रम होता. काही दिवस लांब पल्ल्याचं, सावकाश, बोलता येईल अशा चालीनं. काही दिवस दोन खुणांमधलं छोटं अंतर जीव खाऊन, मग चालत परत, मग पुन्हा जीव खाऊन. काही दिवस पाळीचा उतार खालून वर. आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. हा काहीच नाहीचा दिवस पल्लवीला पटत नसे. ती गुपचूप पळायची आणि दुसऱ्या दिवशी तिचे पाय तिची चुगली करायचे. हवालदार भाऊ म्हणत, "धान पेरून रोज उकरून पाह्यते का कोणी, उगवलं का म्हणून?" त्यानंतर ती थांबली.

खाण्याचं मी माझ्याकडे घेतलं. रोज दोन अंडी, लाखोळीची डाळ, तलावातली मासळी, आणि मोहाचेच लाडू, तीळ घालून. गिरजा हसायची. म्हणायची, "आमच्या घरी मोह गरिबाचं खाणं हाये बाई, तुमच्या घरी टॉनिक झालं."

पहाटेची भीती होतीच. पाळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मोहाची झाडं आणि त्यामागे रान. म्हणून ठरलं की बायका मोह वेचायला निघतील त्याच वेळी पल्लवीनं धावायचं, आणि मी पाळीवर खुर्ची टाकून बसायचं, हातात थाळी घेऊन. नुसती थाळी वाजवून मला कंटाळा आला. मग पहिल्या सावकाश फेऱ्यांना मी इंग्रजी क्रियापदं म्हणायला लागले. मी ओरडायची, "गो!" पल्लवी धुक्यातून ओरडायची, "वेंट, गॉन!" मी, "रन!" ती, "रॅन, रन!" मोहांखालून गिरजा म्हणायची, "जनावर बी शिकून जाईल इंग्रजी, मंग आमी काय करू?"

गावातले म्हातारे पाळीवर दात घासायला येत. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "काऊन पळून राह्यली वो पोट्टी? मागं काही लागलं का?"

"उमर लागली मागं, आबाजी," पल्लवी म्हणाली आणि पुढे गेली.

ते दिवस आठवले की मला आधी त्यांचे रंग आठवत नाहीत, आवाज आठवतात. कोरड्या पाळीवर तिच्या पावलांचा. पाण्यात मासा उसळल्याचा. टोपलीत पडणाऱ्या ओल्या फुलांचा, जो फुलांचा नव्हे तर पिकलेल्या बोरांचा वाटतो. तुमचे आजोबा गेल्यानंतर माझ्या पहाटा फार नीटनेटक्या झाल्या होत्या. कुणाचा आवाज नाही, काही सांडणं नाही, काही शोधणं नाही. नीटनेटकेपणाचं मला वेड आहे, पण इतकाही नको होता. त्या हंगामानं माझी पहाट पुन्हा पसरवून टाकली, आणि त्याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण वेळ काही आत येईना.

मी फोनवरचं घड्याळ दाखवायची, हवालदार भाऊ मान हलवायचे. श्वास चांगला, ढांगा चांगल्या, शेवटी जोरही शिल्लक. मग वेळ जाते कुठे? एके दिवशी त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि पाळीच्या वळणावर उभं केलं. म्हणाले, आता घड्याळाकडे नका पाहू, पोरीच्या मानेकडे पाहा. पाहिलं. पल्लवी वळणावर आली, तिची मान वळली. थोडी पुढे गेली, पुन्हा वळली. मान वळली की खांदा वळायचा, खांद्यानं पाय अडायचा, आणि तेवढ्यापुरती तिची ढांग आखूड व्हायची. एका वेळी काहीच नाही. सगळ्या मिळून संधीच जायची.

"सामने पाह्य, पल्लवी," हवालदार भाऊ ओरडले. "मागून का तुही वरात येऊन राह्यली?"

ती ओशाळली. म्हणाली, मान आपोआप जाते. त्यांनी उपाय केला. तिच्या गळ्याभोवती ओला दुपट्टा घट्ट गुंडाळून पाठीमागे गाठ मारली. ती जू ठेवलेल्या गोऱ्ह्यासारखी धावली, आणि मान वळेना म्हणून कमरेतून वळली. पाळीवरचे म्हातारे दात घासायचं थांबवून हसले. पल्लवीसुद्धा हसली. मी समजावलं, शाळेत समजावायचे तसं, मुद्देसूद. तिनं सगळं ऐकलं, पटलं म्हणाली, आणि पुढच्या फेरीला वळणावर मान वळवली.

ही सवय कुठली हे मला आणि हवालदार भाऊंना सोडून गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. शेवंता नावाची पल्लवीची काकू आहे. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. काही वर्षांपूर्वी, पल्लवी शाळेत असताना, टोळी मोह वेचून परत येत होती. पल्लवी सगळ्यांत पुढे होती, काकू सगळ्यांत मागे. कुणीतरी हाळी दिली. ओ आले. पल्लवीला एक ओ कमी वाटला. ती वळली आणि काकू नव्हती. मग सगळ्या वळल्या, टोपल्या आपटत, किंचाळत, आणि त्या गर्दीला पाहून जनावरानं काकूला सोडलं. खांद्याचं मांस गेलं, काकू राहिली.

हे मला गिरजानं सांगितलं, फुलं वाळत घालता घालता, अगदी साध्या आवाजात. ऐकून मी पल्लवीला समजावणं बंद केलं. ज्या वळण्यानं एक माणूस जिवंत आहे, ते वळणं चूक आहे असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

वळून पाहणं ही काय गोष्ट आहे याचा मी तेव्हा बराच विचार केला. तुमचे बाबा पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा विमानतळाच्या काचेच्या दारातून आत जाताना इतक्यांदा मागे वळले की समोरच्या बाईच्या सामानगाडीवर आदळले. आजोबा आणि मी किती दिवस ते आठवून हसत होतो. नंतरच्या खेपांना ते सरळ आत गेले. वळले नाहीत. मी हात उंच करून उभी, आणि पुढे फक्त त्यांची पाठ. आजोबा मला म्हणाले होते, चला, गाडीची वेळ झाली.

शेवटी मी पल्लवीला एवढंच विचारलं, की तू नेमकं कुणाला पाहतेस?

ती पाळीच्या दगडावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मग म्हणाली, "इथी पाह्यतो सगळ्यायले. पण मागच्या साली नागपूरले पळून राह्यली होती ना, तवा आईले पाह्यलं. टाइम तोच होता बाई. मी तिथी सडकेवानी मैदानावर, आन् आई इथी झाडाखाली. तिच्या मागं कोण हाये, मले काय माहीत?"

भरती दोन्ही वर्षी मोहाच्याच दिवसांत आली होती. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे मुलगी धावत होती नागपूरला आणि राखण करत होती इथल्या रानाची.

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकू टोपली कमरेला लावून पाळीवर आली. कुणी बोलावलं नव्हतं. सुरुवातीच्या खुणेपाशी उभी राहिली आणि पल्लवी निघाली तशी म्हणाली, "ओऽऽ." थोडं थांबून पुन्हा, "ओऽऽ." कुणी हाळी दिलेली नव्हती, ही आपली ओ देतच राहिली, एकसारखी, न कंटाळता. मोहांखालच्या बायकांच्या ते लक्षात आलं. मग त्यांनीही धरलं. एकेका झाडाखालून एकेक ओ. पल्लवी वळणावर आली. मान हलली, पण वळली नाही. पुढच्या वळणावर हललीसुद्धा नाही.

मी घड्याळ थांबवलं, हवालदार भाऊंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वेळ आत आली होती.

"पाह्याचं कायले लागते?" काकू पल्लवीला म्हणत होती. "आवाज येऊन राह्यला ना? मंग मी हाये."

त्यानंतर रोज तसंच चाललं. वेळ आणखी आत येत गेली. पण नागपूरच्या मैदानावर ओ कोण देणार? मी सुचवलं की काकूचा आवाज फोनवर घेऊन कानात लावून द्यावा. हवालदार भाऊंनी माझ्याकडे फार आदरानं पाहिलं आणि सांगितलं की कानात काही चालत नाही, हातात काही चालत नाही, आणि घरच्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत.

यावर उत्तर निघालं ते गिरजाच्या अंगणात. दुपारची वेळ, अंगणभर फुलं वाळत पडलेली, वासानं डोकं जड झालेलं. बायका फुलांतल्या काटक्या नि खडे निवडत होत्या. गिरजा एकदम म्हणाली की त्या दिवशी ती रानात जाणार नाही, नागपूरला जाईल. पल्लवीच्या चेहऱ्यावरून मात्र मला कळलं की हे पुरेसं नाही. ज्या पोरीला मोजायला शिकवलं आहे तिला एकानं कसं भागेल? आई आली तर काकू रानात. काकू आली तर बाकीच्या.

शेवंताकाकूलाही ते कळलं असावं. ती म्हणाली, मग सगळ्याच जाऊ.

यावर जी कुरबुर झाली ती स्वाभाविक होती. मोह ऐन भरात होता. एक पहाट सोडायची म्हणजे झाडाखालचं सगळं सोडायचं. मोह उद्यासाठी थांबत नाही. एक म्हणाली, आपलं ठीक आहे, पण नवऱ्याला काय सांगायचं? दुसरी म्हणाली, त्याला सांग वेचायला जा, तेवढीच त्याची कंबर मोकळी होईल. यावर अंगण हसलं. तिसरी अजून फुलांकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "हरणं खाऊन टाकतीन सगळं."

"खाऊ दे," काकू म्हणाली. "वर्सावर्साले आपण त्यायचं खाल्लं. एक दिस ते आपलं खातीन."

मग काकूनं निघणाऱ्यांची नावं घेतली. एकेक नाव, एकेक बोट. आणि शेवटचं बोट माझ्याकडे करून म्हणाली, "आन् बाई." तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती निवडलेली फुलं सुपात भरायला लागली. पण रेवा, नील, कुणीतरी माझं डोकं मोजून किती वर्षं झाली होती! मी घरी येऊन उगाच दोनदा कपाट आवरलं.

आदल्या दिवशी आम्ही एक गाडी ठरवून गेलो आणि एका धर्मशाळेत उतरलो. भरतीच्या पहाटे मैदानाबाहेर आम्ही उभ्या होतो, शहरातल्या त्या रुंद रस्त्यावर, एकमेकींना चिकटून, जशा रानात असतो तशा. पल्लवी आत जायच्या आधी आमच्यासमोर उभी राहिली. तिनं आमच्यावरून एकदा नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ती मोजत होती. मग ती आत गेली.

मैदानाला भिंत होती. एका कोपऱ्यात भिंत संपून लोखंडी जाळी लागत होती, आणि धावणाऱ्या मुली त्या वळणावरून जात तेव्हा क्षणभर दिसत. आम्ही तिथे जाऊन उभ्या राहिलो. काकूला मी विचारलं, ओ देणार का? ती नाही म्हणाली. इथे आवाज दिला तर पोरगी थांबेल. त्या सगळ्या बायका, ज्यांना पहाटे गप्प राहू नये असं जन्मभर शिकवलं होतं, त्या जाळीला तोंडं लावून गप्प उभ्या राहिल्या. मी इतकी शांतता वर्गातसुद्धा कधी मिळवली नव्हती.

शिटी झाली. पावलांचा आवाज आला, पुष्कळ पावलांचा, पाऊस जवळ यावा तसा. मुलींचा घोळका वळणावर आला. पल्लवी मध्ये कुठेतरी होती. पुढच्या फेरीला घोळका लांबला, ती पुढच्या टोकाकडे होती. गिरजानं जाळीतून हात आत घातला आणि हलवला. त्याच्या पुढच्या फेरीला ती आमच्या इतक्या जवळून गेली की तिच्या श्वासाचा आवाज आला. नजर समोर, हनुवटी खाली, मान सरळ. गेली.

मग थांबणं. छोट्या दारातून मुली बाहेर यायला लागल्या. काही रडत, काही रागानं बूट हातात घेऊन. ज्या वेळेत बसल्या नाहीत त्यांना बाहेर सोडत होते. बसल्या त्यांना पुढच्या चाचण्यांसाठी आत ठेवत होते. हे हवालदार भाऊंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. तरी प्रत्येक मुलगी दारात दिसली की गिरजा माझा हात घट्ट धरायची. शेवटची मुलगी बाहेर आली. दार बंद झालं. पल्लवी आली नव्हती.

आमच्या बायकांना आनंद करताच येईना. एक आली नाही आणि ते चांगलं, हे त्यांच्या अंगात बसेना. दोघीतिघी तर दाराकडे निघाल्याही. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते की आली नाही म्हणजे जिंकली, आणि त्या माझ्याकडे, बाई शिकलेल्या असल्या तरी रानातलं यांना काय कळतं, अशा नजरेनं पाहत होत्या.

पुढच्या तपासण्याही पार पडल्या आणि पल्लवी आता दूरच्या एका केंद्रात शिकते आहे, हे मी इथेच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही फोनवर विचारायला नको. तिला ठरावीक वेळीच बोलता येतं. बोलते तेव्हा आधी आईला विचारते, मोह कसा पडून राहिला आहे, आणि कोण कोण जातं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पल्लवी बाहेर आली. चेहऱ्यावर मीठ सुकलेलं, हातावर निळ्या शाईचा आकडा. बायकांनी तिला घेरलं, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर थापट्या मारल्या. काकूनं डाव्या हातानं तिचं डोकं आपल्याकडे ओढलं. गिरजा तेवढी मागे होती. ती पुढे आली आणि, कौतुक राहिलं बाजूला, तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मी जाळीतून हात दाखवून राह्यली होती. पाह्यलं बी नाई तू."

"दिसली होती ना तू," पल्लवी म्हणाली. "वळून पाह्यलं असतं त थांबली असती."

गिरजानं पदरानं तिचं कपाळ पुसलं, मग गाल, मग पुन्हा कपाळ. आणि आमच्याकडे वळून, जसं काही आम्ही तिथे नव्हतोच आणि सगळी बातमी तिलाच सांगायची होती, अशा थाटात म्हणाली, "नाई पाह्यलं तिनं. एकदा बी नाई पाह्यलं."